गुडघेदुखीवर व्यायाम: कुठून सुरुवात करायची, किती वाढवायचा, कधी थांबायचं

गुडघा दुखायला लागला की घरातून पहिला सल्ला मिळतो तो आरामाचा. "जिने चढू नकोस, खाली बसू नकोस, जरा पाय पसरून बस." सल्ला मायेचा असतो, पण झिजेच्या दुखण्यात तो उलटा पडतो. पाय कमी वापरला की मांडीचा स्नायू रोडावतो, स्नायू रोडावला की सांध्यावर जास्त भार येतो, भार आला की आणखी दुखतं आणि दुखतं म्हणून पाय आणखी कमी वापरला जातो. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी रोज हेच चक्र बघते. ते तोडायचं तर स्नायूपासूनच सुरुवात करावी लागते.

हा लेख पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे असलेल्या, गुडघ्याची झीज झाल्याचं कळलेल्या आणि आजवर कधी व्यायामाच्या वाट्याला न गेलेल्या माणसांसाठी आहे. पडून झालेली इजा, लिगामेंट फाटणं, आमवात यांचा मार्ग वेगळा असतो, त्यांनी इथले व्यायाम थेट उचलू नयेत.

आधी दोन गैरसमज बाजूला ठेवू

पहिला, "वंगण संपलंय, आता हलवलं तर आणखी घासणार." सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव तिच्यात मुरतो हालचालीमुळेच: भार पडला की स्पंजासारखी ती दाबली जाते, भार सुटला की पुन्हा द्रव शोषून घेते. म्हणजे बसून राहिलेल्या गुडघ्याची उपासमारच होते. आणि द्रव संपलेला नसतो. सुजलेल्या गुडघ्यात तो उलट वाढलेला असतो.

दुसरा, "एक्स-रे खराब आहे, आता व्यायामाचा काय उपयोग?" एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ फारसा बसत नाही. खूप झीज दिसूनही आरामात चालणारी माणसं असतात आणि थोड्याशा झिजेत रात्र रात्र कळा सोसणारीही असतात. व्यायामाने झिजलेली कूर्चा परत उगवत नाही, हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते. पण दुखणं फक्त कूर्चेवर अवलंबून नसतं. स्नायूंची ताकद, सांध्याचा वाक, सूज, वजन, झोप आणि मनातली भीती हे सगळं त्यात असतं, आणि यातलं बरंच काही बदलता येतं.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ साली ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी, म्हणजे सांध्याच्या झिजेसाठी, सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, वजन आणि आजाराची नीट माहिती यांना उपचारांचा गाभा मानलं आहे. अल्ट्रासाऊंड, आयएफटी, टेन्स अशी विजेची यंत्रं मात्र देऊ नयेत असं म्हटलं आहे, आणि ग्लुकोसामाइनच्या गोळ्याही. आपल्याकडे फिजिओकडे जाणं म्हणजे "शेक घ्यायला जाणं" असंच समजलं जातं. शेकाने तासभर बरं वाटतं, ते वाटू द्यावं. पण दहा दिवस यंत्र लावून घेतलं आणि एकही व्यायाम शिकला नाहीत, तर अकराव्या दिवशी गुडघा होता तिथेच असतो.

पायरी १: दुखणं झिजेचंच आहे ना, ते बघा

वय पंचेचाळीसच्या पुढे, दुखणं चालता-चढताना वाढणारं, सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होणारा: एवढं जुळत असेल तर ते बहुधा झिजेचंच दुखणं असतं. सकाळचा आखडलेपणा तास-तासभर टिकत असेल, हाताची बोटं, मनगटंही सुजत असतील, तर आधी डॉक्टरांकडे जाऊन आमवाताची तपासणी करून घ्या.

पुढच्या गोष्टी असतील तर व्यायाम सुरू न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा:

- गुडघा लाल, गरम झाला आहे आणि सोबत ताप आहे
- पडल्यानंतर पायावर भारच देता येत नाही
- गुडघा मध्येच अडकतो, सरळही होत नाही आणि वाकतही नाही
- एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली आहे. शिरेत रक्ताची गाठ असू शकते
- विश्रांतीतही न थांबणारं दुखणं आहे आणि कारण नसताना वजन घटतं आहे

पायरी २: शिकवणारा माणूस नीट निवडा

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून अशा मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग आहे. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर तिथे जरूर जा. रांग असते, पण शिकवतात नीट.

पहिल्या भेटीत फिजिओने तुम्हाला चालायला लावलं पाहिजे, खुर्चीतून उठायला लावलं पाहिजे, गुडघ्याबरोबर खुबा आणि कंबरही तपासली पाहिजे. खुब्याचं दुखणं बऱ्याचदा गुडघ्यात जाणवतं, त्यामुळे नुसता गुडघा बघून भागत नाही. आणि तुम्हाला काय करता यायला हवं आहे, हेही विचारलं गेलं पाहिजे. "दुखणं जावं" एवढंच सांगू नका. "दादरचा पूल न थांबता चढायचा आहे", "नातीच्या बारशाला पंगतीत बसायचं आहे", "भारतीय पद्धतीचा संडास वापरता आला पाहिजे, गावच्या घरी तोच आहे" असं सांगा. प्रत्येकाला वाक वेगवेगळा लागतो. सपाट चालायला गुडघा साधारण ६० ते ६५ अंश वाकला तरी पुरतं. जिन्याला ९० च्या आसपास लागतो, खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडा जास्त. उकिडवं बसायला मात्र १३० अंशांच्याही पुढे जावं लागतं. ध्येय माहीत असलं की किती मेहनत घ्यायची आणि कुठे थांबायचं, हे ठरवता येतं.

पायरी ३: सुरुवातीचं मोजमाप वहीत लिहा

फरक हळूहळू पडतो, म्हणून तो लक्षात येत नाही आणि माणसं कंटाळून सोडून देतात. यासाठी मोजमाप हवं.

हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घाला. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं, ते कुणाला तरी मोजायला सांगा. हाताच्या आधाराशिवाय एकदाही उठता आलं नाही तर शून्य लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग पलंगावर पाय पसरून बसा, टाच जमेल तितकी कुल्ल्याकडे ओढा आणि टाच ते कुल्ला हे अंतर शिलाईच्या टेपने मोजा. ही दोन मापं दर पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यायची.

पायरी ४: मांडी जागी करा

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीला देते, कारण पुढचं सारं हिच्यावर उभं आहे. गुडघा सुजला किंवा दुखला की मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, मिळणारी आज्ञा मज्जासंस्थाच दाबून टाकते. स्नायू असतो, पण तो पूर्ण आवळला जात नाही. "पायात जोरच नाही", "गुडघा दगा देतो" ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. म्हणून भार उचलण्याआधी स्नायूला पुन्हा आवळायला शिकवावं लागतं.

पलंगावर पाय लांब करून बसा, पाठीला भिंतीचा टेकू घ्या. हातरुमालाएवढ्या टॉवेलची मनगटाइतकी जाड गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवा. चवडा आपल्याकडे ओढा. आता गुडघ्याच्या मागच्या बाजूने टॉवेल खाली दाबा आणि त्याच वेळी एका हाताची बोटं गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर, मांडीच्या जरा आतल्या बाजूला टेकवा. तिथलं मांस बोटांखाली टणक झालं पाहिजे आणि वाटी किंचित मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे. आधी चांगल्या पायावर करून बघा, मग दुखऱ्या पायावर. दोन्हींतला फरक बोटांना लगेच कळतो. दुखऱ्या पायाचा स्नायू उशिरा आवळतो, मऊ राहतो, मध्येच थरथरतो. पुष्कळ जण मांडीऐवजी कुल्ले आवळतात किंवा श्वास कोंडून धरतात. श्वास कोंडू नये म्हणून आकडे मोठ्याने मोजा. रक्तदाब असणाऱ्यांनी तर हे पाळलंच पाहिजे.

५ सेकंद दाबायचं, तेवढंच सैल सोडायचं, असं १० वेळा. दिवसातून तीनदा. चहा उकळेपर्यंत, मालिकेच्या जाहिरातीत, झोपण्याआधी, कधीही चालतं.

स्नायू नीट आवळायला लागला की पाय सरळ उचलायचा व्यायाम घ्या. उताणं झोपा, दुसरा पाय गुडघ्यात वाकवून पाऊल टेकवा, म्हणजे कमरेवर ताण येत नाही. आधी मांडी आवळून गुडघा ताठ करा, मग पाय फूटभर उचला. त्याहून वर नेण्यात फायदा नाही. ५ सेकंद धरा आणि हळू खाली आणा. पाय धपकन सोडला की निम्मा व्यायाम वाया जातो. उचलताना गुडघा किंचित वाकत असेल, तर तुमची अजून तयारी झालेली नाही. चार-पाच दिवस टॉवेलवरच राहा.

पायरी ५: आधी सरळ, मग वाक

सगळ्यांना वाकवण्याची घाई असते, पण चालण्यासाठी गुडघा पूर्ण सरळ होणं जास्त महत्त्वाचं आहे. पाच-दहा अंश वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहायचं तर मांडीला सतत राबावं लागतं आणि दुखणं वाढतं. यासाठी टाचेखाली उशी ठेवून गुडघा अधांतरी सोडा, ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. त्याच कारणाने रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय सोडा. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण गुडघा तसाच वाकडा आखडायला लागतो.

वाकासाठी पलंगावर बसून टाच हळूहळू कुल्ल्याकडे सरकवा. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली की पाय सहज घसरतो. शेवटी पावलाला ओढणी अडकवून दोन्ही हातांनी थोडं आणखी ओढा, १० सेकंद थांबा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. सकाळी आंघोळीनंतर सांधा मोकळा असतो, तेव्हा हे केलेलं बरं.

वज्रासन आणि जोर लावून मांडी घालणं या काळात नको. त्यात गुडघा पूर्ण वाकतो आणि वाटीवर मोठा दाब येतो. वाक परत आला, मांडीत ताकद आली की पुढे हळूहळू प्रयत्न करता येतो. काहींना ते कधीच जमत नाही. त्यांनी जेवायला, पूजेला खुर्ची किंवा चौरंग घ्यावा, त्यात कमीपणा मानू नये.

पायरी ६: उठबस, आणि भार वाढवणं

दोन-तीन आठवड्यांनी पलंगावरचे व्यायाम सोपे वाटायला लागतात. इथेच बहुतेकांची गाडी अडते. तेच दहा-दहा करत माणसं वर्षभर राहतात आणि म्हणतात, व्यायाम करून बघितला, फरक नाही. स्नायूला रोजच्यापेक्षा थोडं जास्त काम मिळालं तरच तो बळकट होतो.

खुर्चीवर एक जाड उशी ठेवून बैठक उंच करा. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, बोटं समोर. पुढे झुकून उभे राहा, तीन आकडे मोजत सावकाश बसा. दोन्ही गुडघे पावलांच्या रेषेत राहिले पाहिजेत, एकमेकांकडे झुकता कामा नयेत. ८ ते १० वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून असे दोन-तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. शेवटच्या दोन उठबशा जड जाव्यात, इतपत भार असावा. १० सहज व्हायला लागल्या की उशी काढा. मग हातात पाण्याची बाटली घ्या. मग कठडा धरून एका पायरीवर चढउतार. पाय सरळ उचलण्याच्या व्यायामातही घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून भार वाढवता येतो.

खुब्याच्या बाजूचे स्नायूही घ्या. चालताना एक पाय हवेत असतो तेव्हा ओटीपोटाचं हाड समतोल धरायचं काम ते करतात. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून वर न्या, टाच किंचित मागे. अंग मागे कलंडू देऊ नका. जोडीला ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलणं आणि एका पायावर १० ते ३० सेकंद उभं राहणं. तोल जात असेल तर बोट टेकवून करा, घरात एकटे असताना आधार सोडू नका.

डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघ्या-खुब्याच्या झिजेसाठी 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम चालतो. त्यात आजाराची माहिती आणि सहा आठवड्यांत फिजिओच्या देखरेखीखाली व्यायामाची १२ सत्रं असतात. पुढे तो इतर देशांनीही उचलला. घरी करणाऱ्यांनी निदान एवढं प्रमाण डोळ्यांसमोर ठेवावं: आठवड्यातून दोन-तीनदा नेटाने, आणि सहा ते बारा आठवडे. त्याआधी "उपयोग नाही" असा निकाल देऊ नका.

दुखलं तर काय करायचं

सुरुवातीला थोडं जास्त दुखू शकतं. ही सूचना मी पहिल्याच दिवशी देते, नाहीतर चौथ्या दिवशी फोन येतो, "ताई, व्यायामानेच वाढलं हो, बंद केला मी." मग त्यांना सांगते, "काका, बंद नका करू, निम्मा करा, आणि उद्या सकाळी कसं वाटतं ते मला कळवा."

शून्य ते दहाच्या पट्टीवर दुखणं मोजा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना दोनपर्यंत असेल तर बिनधास्त करा. पाचपर्यंत चालतं, पण २४ तासांच्या आत ते पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. पाचच्या वर गेलं, दुसऱ्या दिवशीही टिकलं किंवा गुडघा सुजला, तर आदल्या दिवशीचं प्रमाण जास्त झालं. एक दिवस थांबा, सूज असेल तर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं लावा आणि पुन्हा सुरू करताना फेरे कमी करा. नुसता आखडलेपणा असेल तर गरम पाण्याची पिशवी. मधुमेहामुळे पायांना बधिरपणा असेल तर शेक आणि बर्फ दोन्ही जपून, कारण भाजलेलं कळत नाही.

गुडघ्यातला करकर आवाज दुखत नसेल तर त्याकडे लक्ष देऊ नका. त्या आवाजाला घाबरून उठबशा सोडून दिलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

उरलेल्या तेवीस तासांत

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि हात कठड्यावर. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. जवळजवळ प्रत्येक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतो, आणि मग भार हवा तसा हलका होत नाही. चालणं एकदम तासभर नको. दहा-दहा मिनिटं दिवसातून तीनदा, सपाट रस्त्यावर, पावलाला नीट बसणारे बूट घालून. नी कॅप बाहेर जाताना घाला, दिवसभर नाही.

वजनाबद्दल बोललेलं कुणाला आवडत नाही, पण आकडा सांगितला की पटतं. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की वजन जितकं घटतं, त्याच्या चौपट भार प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरून कमी होतो. दोन किलो उतरले तरी दर पावलाला आठ किलोंचा फरक.

दुखणं कमी झालं की व्यायाम सुटतो, हे जवळपास ठरलेलंच असतं. बंद केल्यावर मिळालेला फायदा काही महिन्यांत ओसरतो. म्हणून तीन महिन्यांनी कमी करा, पण आठवड्यातून दोन दिवस उठबस, पाय उचलणं आणि तोलाचा व्यायाम कायम ठेवा.

इतकं करूनही भागलं नाही तर

तीन-चार महिने नेमाने केल्यावरही रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात चालणं अवघड असेल, पाय धनुष्यासारखा वाकत चालला असेल, तर सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला. केलेला व्यायाम तेव्हाही कामी येतो. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक ठिकाणी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतात, आणि पहिला व्यायाम असतो तो गुडघ्याखालचा टॉवेल दाबण्याचाच. तो आधीपासून येत असणाऱ्याला खाटेवर नव्याने शिकावा लागत नाही. शस्त्रक्रियेच्या तारखेला महिना-दीड महिना असेल तर तो काळ वाया घालवू नका: पायरी ४ आणि ५ दोन्ही पायांनी रोज करा, वॉकर धरून चालायचा सराव घरीच करून ठेवा आणि संडासात उंच बैठक बसवून घ्या.